पवईच्या पाण्याची बाटली

बसमध्ये मांडीवर लाकडी पेटी घेऊन बसले की शेजारची बाई हमखास विचारायची, "भजन कुठे आहे आज?" पेटीत हार्मोनियम नाही, मायक्रोस्कोप आहे, असं सांगितलं की ती माझ्यापासून चार बोटं लांब सरकायची. बोरिवलीच्या एका आजींनी मात्र धीर करून विचारलं, "त्यात काय दिसतं?" मी म्हटलं, "डोळ्यांना दिसत नाही ते." आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुढच्या स्टॉपवर उतरताना चक्क वाकून नमस्कार केला. मला तेव्हा नुकतंच तिसावं लागलं होतं.

तर हे माझं काम. अंधेरीला एका शाळेच्या गच्चीला लागून असलेल्या खोलीत आमची संस्था होती. संस्थेचं नाव लांबलचक होतं, खोली मात्र एकच होती. ज्यांची शाळा कधीच सुटली आहे, किंवा जे कधी शाळेत गेलेच नाहीत, अशांना त्यांच्या दारात जाऊन विज्ञान दाखवायचं, हा उद्देश. माणसं दोन. संस्थापक करंदीकर सर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे शिक्षक, आणि मी, कुंदा परब, बी.एस्सी. सरांनी भाषण करायचं आणि मी पेटी उचलायची, अशी वाटणी होती. पुढे सरांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि भाषणही माझ्याकडे आलं. पेटी होतीच.

बाहेरच्यांना वाटतं, लोकांना विज्ञान समजावणं फार कठीण असेल. ते मुळीच कठीण नाही. कठीण असतं ते माणसाला खुर्चीवरून उठवून भिंगापर्यंत आणणं. आमचा कार्यक्रम नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी आधी असायचा. आरतीच्या आधी, ऑर्केस्ट्राच्या आधी, बक्षीस समारंभाच्या आधी. लोक आलेले असायचे त्या दुसऱ्या गोष्टीसाठी, आणि मध्ये ही बाई पेटी उघडून उभी. मुलुंडच्या एका मंडळात माझ्या भाषणाच्या मध्येच मागून आवाज आला, "बाई, जादू कधी?" मी म्हटलं, जादू नाही. तो गृहस्थ म्हणाला, "मग बोर्डावर तसं लिहायचं ना!" आणि त्याच्या मागोमाग अर्धी ओळ उठून गेली.

आणि प्रेक्षकांना कमी लेखायचं नसतं, हे मी मढला शिकले. कोळणींना माशाचे कल्ले दाखवून मासा पाण्यात श्वास कसा घेतो ते समजावायचं ठरवलं होतं. अंधेरीच्या बाजारातून एक बोय मासळी घेतली, फडक्यात गुंडाळली आणि गेले. फडकं उघडलं मात्र, पहिल्या रांगेतल्या म्हातारीने पदर नाकाला लावला. "कुनाकडशी घेतलीस गो बाय ही?" मी सांगितलं. "तीन दिसांची हाय. फसवलं तुला." मी म्हटलं, कल्ले तर लाल दिसतायत. त्यावर ती म्हणाली, "मावरं डोल्यानी बगाचं नाय बाय, नाकानी बगाचं." पुढचा तासभर सगळ्या जणींनी मिळून मला मासा कसा घ्यायचा ते शिकवलं. श्वासोच्छ्वासाचा विषय निघालाच नाही. येताना मात्र त्यांनी ताज्या बोयी बांधून दिल्या, आणि मी अहवालात 'कार्यक्रमास उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहिलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

आता ज्याबद्दल लिहायला बसले आहे ते. आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेर कुणाला माहीत नसते. नळाच्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला तर काहीही दिसत नाही. महापालिकेचं पाणी शुद्ध होऊन येतं, त्यात पोहायला कोण असणार? आणि माणसाने रांगेत उभं राहून, एक डोळा मिटून, वाकून भिंगात बघावं आणि "काहीच नाय दिसत" म्हणत सरळ व्हावं, यासारखी नामुष्की नाही. म्हणून दाखवायचं पाणी वेगळं ठेवायचं. मी महिन्यातून एकदा पवईच्या तलावावर जाऊन जॅमच्या बाटलीत काठचं पाणी भरून आणायची. पहिल्यांदा गेले तेव्हा दगडावरून वाकलेली बघून गळ टाकून बसलेला एक माणूस ओरडत आला, "ओ ताई, असं करू नका! घरी भांडण झालं का?" मी बाटली दाखवली. "पाणी न्यायला आलेय." तो म्हणाला, "घरी नळ नाय?" त्याला काय सांगणार!

या बाटलीत वाळक्या गवताच्या चार काड्या टाकून ती खिडकीत ठेवली की आठवड्याभरात आत जत्रा भरायची. चपलेच्या तळव्यासारखे सरपटणारे जीव, देठावर डोलणाऱ्या घंटा, एका डोळ्याचे आणि मिश्या असलेले पिसवांसारखे प्राणी. थेंब भिंगाखाली ठेवला की माणूस किंचाळलाच पाहिजे. माणूस एकदा किंचाळला की पुढे पाणी उकळा, माठ घासा, हात धुवा, हे सगळं तो ऐकतो.

सुरुवातीला मी रीतसर सांगायची, "हे पवईच्या तलावातलं पाणी आहे बरं का, तुमच्या नळाचं नाही." पण हे वाक्य म्हटलं की लोकांचा चेहरा पडायचा. पवईचं ना, मग आम्हाला काय त्याचं? तलावात किडे असणारच. मग ते वाक्य मी भाषणाच्या सुरुवातीऐवजी शेवटी घेतलं. मग कधी घाईत राहून गेलं. मग राहायलाच लागलं. मी कधी "हे तुमच्या नळाचं आहे" असं म्हटलं नाही, अशी मी माझी समजूत घालत असे. लोकांना वाटतं ते त्यांना वाटू दे, उकळतायत ना पाणी? दोनेक वर्षं असं चाललं होतं.

आणि कांदिवलीच्या एका कॉलनीतून संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. चार मजल्यांच्या तीन इमारती, मध्ये मोकळं आवार आणि एका कोपऱ्यात पंपाची खोली. आदल्या पावसाळ्यात तिथे काविळीची साथ येऊन गेली होती, म्हणून महिला मंडळाच्या अध्यक्ष वत्सलाकाकूंनी आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं. काकू म्हणजे आवारात शिरल्या की कॅरम खेळणारी पोरं सोंगट्या सोडून उभी राहायची, अशी बाई. त्यांनी फोनवरच सांगितलं, "हे बघ, रडगाणं नको. बायका घाबरल्या पाहिजेत."

वाण म्हणून मी संस्थेतर्फे तुरटीचे खडे नेले होते. गढूळ पाण्यात फिरवायला. पहिल्या बाईने खडा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "हे काय ह्यांच्या दाढीसाठी?" सगळ्या जणी एवढ्या हसल्या की शास्त्रीय माहिती सांगायची राहूनच गेली.

टेबल आवारात उन्हात मांडलं होतं. आमचा मायक्रोस्कोप आरशावर ऊन घेऊन चालायचा, त्याला वीज लागत नसे. मी पेटीतून यंत्र काढते तोच काकूंनी मला बाजूला केलं. "थांब गं. पहिल्यांदा आलंय आपल्याकडे, असंच वापरायचं?" आणि त्यांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं. वर एक शेवंतीचं फूल, अक्षता. पाणी तपासायला काकूंनी स्वतः टाकीच्या नळावरून स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं होतं, त्या पेल्यालाही कुंकवाचं बोट. हे सगळं होईपर्यंत हळद भिंगात गेली होती, अक्षतांचा दाणा काचपट्टीखाली अडकला होता, आणि रांगेतल्या पहिल्या बाईने वाकून बघून सांगितलं, "सगळं पिवळं दिसतंय. कावीळच आहे ही!"

मी घाबरीघुबरी होऊन पदराने भिंग पुसलं, दाणा काढला, दुसरी काचपट्टी घेतली आणि हाताच्या सवयीने थेंब टाकला. पेल्यातला नाही. बाटलीतला.

पहिली किंकाळी ऐकली तेव्हा मला कळलं. काकूंनी आणलेला टाकीच्या पाण्याचा पेला जसाच्या तसा भरलेला बाजूला होता. एक वाक्य बोलायचं होतं. पण रांग मोडून बायका टेबलाला भिडल्या होत्या. "अगं बाई, मिश्या आहेत त्याला!" "माझ्याकडेच बघतोय मेला!" "सरक ना गं, मला बघू दे!" माझ्या सगळ्या नोकरीत एवढी गर्दी माझ्या टेबलापाशी कधी झाली नव्हती. मी गप्प बसले. आजही तो क्षण आठवला की कानशिलं तापतात.

त्या संध्याकाळपासून कॉलनीत माझं नाव 'जंतूबाई' पडलं.

चार दिवसांनी, गुरुवारी, विसरलेला टेबलक्लॉथ आणायला म्हणून मी कांदिवलीला गेले. खरं तर कौतुक ऐकायला गेले होते. आणि ऐकलंही. प्रत्येक स्वयंपाकघरात पातेलं चढलेलं, जिन्यात वाफेचा वास, दोन बायकांनी मला चहा पाजला, तोही "दोनदा उकळलेल्या पाण्याचा" असं बजावून. मी हवेतच होते. आवारात उतरले तर पंपाच्या खोलीतून धोंडूमामा बाहेर आले.

धोंडूमामा कॉलनीचे पंपवाले. कुडाळकडचे. गिरणी बंद पडल्यावर इथे लागले होते. पंप चालवायचा, टाकी धुवायची, आणि राहायला तीच पंपाची खोली. ते आणि मामी, दोघंच. माझे वडीलही गिरणीतलेच, त्यामुळे अशा माणसांच्या हातांकडे माझी नजर आधी जाते. मामांचे हात ब्लीचिंग पावडरीने पांढरे पडून सोलवटले होते.

"बाय, बरा झाला ईलात ता," ते म्हणाले. "सोमवारपासून चार येळा टाकी धुतलंय. पावडर मारलंय. रोज आत उतरान भिती बोटांनी चाचपून बगतंय, माका एक पण भोक गावणा नाय. माजी नजर आता तेवडी ऱ्हवूक नाय. ते किडे खयसून ईले ता तेवडा तुमी सांगा, मी बुजवतंय."

मी पायरीवर बसलेच. मामा रागावले असते, मला खोटारडी म्हणाले असते, तर बरं वाटलं असतं. माणूस स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या यंत्रावर विश्वास ठेवून, टाकीत नसलेलं भोक शोधत होता. मग त्यांनीच सांगितलं. रविवारी सकाळी सोसायटीची सभा होती. सेक्रेटरी पाठारे यांनी नवा पंपवाला बघून ठेवला होता. टाकीत किडे निघाले म्हणजे आणखी पुरावा काय हवा? मामांना नोकरी सोडावी लागणार, आणि नोकरीबरोबर खोली.

मी तशीच अंधेरीला आले आणि सरांना सगळं सांगितलं. सर पुण्याचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"परबबाई, लोक पाणी उकळू लागले की नाही?"

"लागले, सर."

"मागच्या वर्षी तीन व्याख्यानं दिली आपण त्या भागात. एकाने तरी उकळलं?"

"नाही, सर."

"मग आता जाऊन 'ते खोटं होतं' म्हणालात तर उद्यापासून पातेली खाली उतरतील. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कावीळ. ती चालेल तुम्हाला?"

सर चुकीचं बोलत नव्हते. मी नुसतं म्हटलं, "सर, त्या माणसाची खोली जाते आहे." सरांनी खिडकीतली बाटली उचलून उजेडात धरली. शेवटी म्हणाले, "जा. पण संस्थेचं नाव घेऊ नका." आणि मी दारापर्यंत गेल्यावर, "नको, घ्या. नाव घ्या. पण माझं घेऊ नका."

रविवारी दहा वाजता मी पेटी घेऊन हजर. आवारात सतरंज्या, खुर्च्यांवर पुरुष, मागे उभ्या बायका. धोंडूमामा एका बाजूला भिंतीला टेकून, धुतलेला शर्ट घालून उभे. पाठारे यांनी विषय मांडायच्या आधीच मी उभी राहिले. आदल्या रात्री वाक्यं पाठ केली होती, ती सगळी विसरले आणि एकच आठवलं.

"त्या दिवशी मी दाखवलं ते पाणी तुमच्या टाकीचं नव्हतं. ते पवईचं होतं."

मग मागून एका गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं, "पवईचं पाणी आपल्या टाकीत कसं आलं?"

दुसरे म्हणाले, "पाइपलाइन फुटली असणार कुठेतरी." तिसऱ्यांनी पवई ते कांदिवली पाइप कुठून येऊ शकेल याचा रस्ता बोटाने हवेत आखायला घेतला. मी ओरडून सांगितलं, "आलं नाही! मी आणलं! बाटलीत!"

आणि मग सगळं सांगितलं. बाटली, काड्या, गळलेलं वाक्य, पेला बाजूला राहिला ते. "मामांच्या टाकीत काही नाही. चूक माझी आहे. मी खोटेपणा केला."

पाठारे उठले. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. "बघा मंडळी," ते म्हणाले, "एका गरीब माणसाची नोकरी वाचावी म्हणून या बाई स्वतःवर आळ घेतायत. एवढं मोठं मन आजकाल कुठे बघायला मिळतं?" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, मी खरंच खोटं वागले!"

"ऐका, ऐका! अजून स्वतःलाच दोष देतायत."

टाळ्या वाढल्या. माझ्या सबंध नोकरीत मला मिळालेल्या या सर्वांत मोठ्या टाळ्या. मी रडकुंडीला आले. दोन वर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगत होते, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, डोळ्यांनी बघा. आता त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि मी सांगत होते ती ऐकीव गोष्ट होती.

"सगळे गप्प बसा," वत्सलाकाकू म्हणाल्या. त्या गर्दीतून पुढे आल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "खरंच पवईचं होतं?"

"खरंच, काकू."

"मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सगळ्या जणी इतक्या खूश झाल्या होत्या..."

"हं," काकू म्हणाल्या. "आता तू लांब जाऊन उभी राहा. त्या यंत्राला हात लावायचा नाही. तुझी बाटली इकडे दे. त्या काचा पण दे, मी धुते."

यानंतर काकूंनी जे केलं ते मी दोन वर्षांत एकदाही केलं नव्हतं. काचपट्ट्या त्यांनी स्वतः साबणाने घासल्या. चार सारखे पेले घेतले. एकात टाकीतलं पाणी, ते त्यांनी मामांना न सांगता स्वतः झाकण उघडून काढलं. एकात चौथ्या मजल्यावरच्या नळाचं. एकात पाठाऱ्यांच्या घरच्या फिल्टरचं, पाठारे "माझं कशाला, माझं कशाला" म्हणत असताना. चौथं कुठलं ते कुणाला दिसलं नाही. मग काकूंनी पेल्यांच्या पोटाला कुंकवाचे ठिपके लावले. एक, दोन, तीन, चार. "कुठलं कुणाचं ते फक्त मला माहीत," त्या म्हणाल्या. "बघणाऱ्याने दिसेल तेवढं बोलायचं. उगाच शेजारणीचं ऐकून किंचाळायचं नाही." बघायला त्यांनी मुद्दाम तीन जणी निवडल्या, त्यातल्या दोघींचं एकमेकींशी बोलणं बंद होतं.

मी सांगितल्याप्रमाणे लांब उभी होते. आरसा कसा फिरवायचा एवढंच काकूंनी विचारलं. परीक्षा कशी घ्यायची, हे सांगायला मी पदवी घेऊन आले होते आणि या बाईने ती हळदीकुंकवाच्या सामानात बसवून दाखवली. शरमही वाटत होती आणि, खोटं कशाला बोलू, अभिमानही.

एक ठिपका. पहिली बाई म्हणाली, "काही नाही." दुसरी, तिसरीही तेच. दोन ठिपके. काही नाही. तीन ठिपके. काही नाही, एक धागा आहे कपड्याचा. चार ठिपके. पहिली बाई वाकली आणि तशीच राहिली. "आहे," ती म्हणाली. "एक जातोय इकडून तिकडे. अजून एक आहे. बारका." दुसरीने बघितलं. "हो." तिसरी त्या दुसरीशी बोलत नव्हती, तरी म्हणाली, "हो."

सगळे धोंडूमामांकडे बघायला लागले. मामा भिंतीपासून सरळ झाले. पाठारे म्हणाले, "वत्सलाताई, चार ठिपके म्हणजे टाकी ना?"

काकूंनी हातातला नॅपकिन टेबलावर ठेवला. "टाकी एका ठिपक्याची. चार ठिपके म्हणजे माझ्या माठाचं पाणी," त्या म्हणाल्या. "दर चतुर्थीला घासते म्हणून सांगते ना मी सगळ्यांना? दिवाळीनंतर घासला नाहीये. कंबर धरते."

कुणी हसलं नाही. मला एक वाक्य बोलायला आठवडा लागला होता, तोही एका माणसाच्या पोटावर पाय आल्यावर. काकूंनी ते एका श्वासात बोलून टाकलं, आणि त्यांना कुणी विचारलंही नसतं. "म्हणून सांगते," त्या पुढे म्हणाल्या, "टाकी स्वच्छ आहे. आपापले माठ घासा. आणि पाणी उकळत राहा, माझ्याकडे बघून तरी." पाठारे यांनी विषयपत्रिकेतला तो विषय मागे घेतला. सभा पुढे सायकल स्टँडकडे वळली, आणि माणसं लगेच तावातावाने बोलायला लागली.

मी मामांना म्हटलं, "मामा, या. तुम्ही बघा तुमचं पाणी." ते हात शर्टाला पुसत आले. एका ठिपक्याच्या पेल्यातला थेंब मी भिंगाखाली ठेवला. मामा वाकले आणि बघत राहिले. स्वच्छ, उजेडाने भरलेलं गोल वर्तुळ, दुसरं काही नाही. एवढा वेळ त्यात कुणी बघितलेलं मी पाहिलं नव्हतं. शेवटी मान वर करून म्हणाले, "हिका दाखवा."

पंपाच्या खोलीतून ते मामींना घेऊन आले. मामी बारीक, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आल्या, पदर सावरून वाकल्या, डावा डोळा मिटला.

"ह्येच्यात तर कायच नाय."

"ताच तर सांगत होतंय आठवडोभर," मामा म्हणाले.

मामी सरळ झाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मगे मी आठवडोभर पलीकडल्या चाळीतसून हंडे कित्याक आणलंय गो?"

आजूबाजूचे हसले. मामा हसले नाहीत. ते माझ्याशी बोलले, पण बघत होते जमिनीकडे. "नोकरीचा काय, बाय, गावली आसती दुसरी खय तरी. पण हिना आठ दिस माज्या टाकीचा पाणी पिवक नाय. घोवापेक्षा मशीनीर विश्वास बसलो हिचो."

मला फार वाईट वाटलं. सभेत माफी मागणं सोपं होतं, तिथे टाळ्या होत्या. या दोघांच्या घरात मी काय करून ठेवलं होतं ते माझ्या बाटलीत कधी दिसलं नसतं. मी म्हटलं, "मामी, माझं चुकलं. काय करू सांगा."

मामी खोलीत गेल्या आणि कमरेवर रिकामा हंडा घेऊन आल्या. चांगला मोठा, पितळेचा. तो त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला. "माजी कंबर ऱ्हवली नाय. आजचा पाणी तू भर."

मी मायक्रोस्कोप टेबलावर तसाच सोडला, पदर खोचला आणि हंडा उचलून टाकीच्या नळाशी गेले. सायकल स्टँडवरून भांडणारी सभा थांबून बघायला लागली. धोंडूमामा माझ्या मागोमाग आले, नळाच्या चावीवर हात ठेवला, पण नळ सोडला नाही.

"आदी हंडो विसळून घेवा, बाय," ते म्हणाले. "आणि बोटां आत घालू नकात."